टकलावरील तीन औषधे : मुद्दल राखण्याचा हिशेब

बँकेच्या सेवेत रुजू होताना ओळखपत्रासाठी काढलेले छायाचित्र आणि पाच-सहा वर्षांनंतर आरशात दिसणारा चेहरा यांत अंतर पडू लागले, की पंचविशी-तिशीतला तरुण आधी कंगव्याकडे, मग उशीच्या अभ्र्याकडे आणि शेवटी वडिलांच्या डोक्याकडे संशयाने पाहू लागतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात, टाळू विरळ होऊ लागते, भांग हळूच जागा बदलतो. घरातली वडीलधारी माणसे माका, जास्वंद आणि ब्राह्मीच्या तेलाची आठवण करून देतात. मित्र शाम्पू बदलण्याचा सल्ला देतात. मुलाचे लग्न जमविण्याच्या खटपटीत असलेल्या आईला तर स्थळे पाहण्यापूर्वीच काही उपाय व्हावा, असे मनापासून वाटत असते. हे सारे करून झाल्यावर तो तरुण एके दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जातो आणि हातात चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो.

त्या चिठ्ठीवर बहुधा तीन नावांपैकी एखादे असते : मिनॉक्सिडिल, फिनॅस्टेराइड किंवा ड्युटॅस्टेराइड. ‘यांतले सर्वांत चांगले कोणते?’ हा प्रश्न साहजिकच मनात येतो. परंतु हा प्रश्न मुदत ठेव चांगली की विमा चांगला, असे विचारण्यासारखा आहे. या तिन्ही औषधांची कामे वेगळी, जोखीम वेगळी आणि त्यांना द्यावी लागणारी किंमतही वेगळी. एक गोष्ट मात्र तिघांनाही समान लागू पडते. उरलेले मुद्दल राखण्याचे काम ती बऱ्यापैकी करतात. खर्च होऊन गेलेली रक्कम परत आणण्याचे काम फारच थोडे करतात. आणि औषध थांबले की संरक्षणही थांबते. हे ध्यानात ठेवूनच त्यांची तुलना करावी लागते.

केस जातात म्हणजे काय होते?

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे स्वतंत्र आयुष्यचक्र असते. दोन ते सहा वर्षे वाढ, मग दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी डोक्याचे लक्षण आहे. कंगव्यात केस दिसले म्हणजे टक्कल पडू लागले, असे नव्हे.

पुरुषी टकलात घडते ते निराळे. रक्तातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून ‘५-अल्फा रिडक्टेज’ नावाच्या विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते. संक्षेपाने त्याला ‘डीएचटी’ म्हणतात. कपाळावरील व टाळूवरील केसांची मुळे आनुवंशिकतेने या डीएचटीला संवेदनशील असली, तर प्रत्येक चक्रागणिक वाढीचा काळ आखूड होत जातो. केस अधिकाधिक बारीक, फिका आणि लहान होतो. शेवटी तेथे केवळ लव उरते आणि तीही दिसेनाशी होते. डोक्याच्या मागच्या व बाजूच्या केसांच्या मुळांना डीएचटीची बाधा होत नाही, म्हणून वृद्धापकाळीही तेथे केसांची झालर शिल्लक राहते. ही प्रवृत्ती केवळ आईकडून येते असा समज आहे; प्रत्यक्षात तिच्यात आई व वडील या दोन्ही बाजूंच्या अनेक जनुकांचा वाटा असतो.

वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण ॲरिस्टॉटलच्या काळापासून नोंदलेले आहे. त्याला शास्त्रीय आधार दिला तो जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने. वयात येण्यापूर्वीच वृषण गमावलेल्या पुरुषांचे डोके भरलेले राहते. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात, असे त्याने १९४२ साली दाखवून दिले. टकलाच्या पायऱ्यांचे वर्गीकरणही त्यानेच १९५१ साली मांडले. ओ’टार नॉरवूड यांनी १९७५ साली त्यात सुधारणा केली. आजही डॉक्टर याच सात पायऱ्यांच्या मोजपट्टीने टकलाची अवस्था ठरवितात.

औषधाचा विचार करण्यापूर्वी निदान पक्के होणे अगत्याचे आहे. टायफॉइड, डेंग्यू किंवा कोविडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठभर केस गळतात. पण ते बहुतांशी आपोआप परत येतात. डोक्यावर नाण्याएवढा गोल चट्टा पडला, तर ती चाई असते आणि तिचे उपचार वेगळे. थायरॉइडचा विकार व लोहाची कमतरता यांनीही केस विरळ होतात. यांपैकी कशालाही पुरुषी टकलाचे औषध घेणे म्हणजे चुकीच्या खात्यात रक्कम भरण्यासारखे आहे.

मिनॉक्सिडिल : रक्तदाबाच्या गोळीचे अनपेक्षित फळ

मिनॉक्सिडिल हे मुळात केसांचे औषध नव्हेच. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध म्हणून विकसित केले आणि तीव्र उच्च रक्तदाबावरील गोळी म्हणून त्याला १९७९ साली तेथे संमती मिळाली. मात्र ही गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर आणि हातांवर केस वाढू लागल्याचे चाचण्यांच्या काळातच दिसले होते. कोलोरॅडो विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान यांनी हा दुष्परिणामच उपयोगात आणता येईल हे ओळखले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने औषधाचे द्रावण स्वतःच्या हातावर लावून पाहिले. पुढे १९८८ साली २ टक्के द्रावणाला पुरुषी टकलासाठी अमेरिकेत संमती मिळाली आणि १९९६ पासून ते तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले. त्यापाठोपाठ ५ टक्क्यांचे द्रावण आणि २००६ साली फेसाचा प्रकार आला.

मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. ते केसाची विश्रांती लवकर संपवून त्याला वाढीच्या अवस्थेत आणते आणि ती अवस्था लांबविते. टाळूतील एका विकराने त्याचे रूपांतर केल्यावरच ते कार्यक्षम होते. या विकराचे प्रमाण व्यक्तिपरत्वे भिन्न असते. एकाच बाटलीने एका भावाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, याचे एक कारण हे आहे.

३९३ पुरुषांवर ४८ आठवडे चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५ टक्के द्रावणाने २ टक्के द्रावणापेक्षा ४५ टक्के अधिक केस उगवल्याचे आढळले. द्रावण दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी एक मिलिलिटर, कोरड्या टाळूवर लावावयाचे असते. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. विश्रांतीतले केस जागा रिकामी करून देतात, म्हणून असे होते. परंतु याची पूर्वकल्पना नसलेले अनेकजण घाबरून नेमके याच काळात औषध सोडून देतात. खाज व कोंडा हा नित्याचा त्रास. तो बहुधा द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे होतो. फेसात हा घटक नसल्याने त्रास कमी होतो.

अलीकडे काही डॉक्टर हीच जुनी गोळी अत्यल्प मात्रेत, म्हणजे पुरुषांसाठी दररोज साधारणतः अडीच ते पाच मिलिग्रॅम, केसांसाठी देऊ लागले आहेत. दोनदा द्रावण लावण्याची कटकट वाचते हे खरे. तथापि ब्राझीलमध्ये ९० पुरुषांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच मिलिग्रॅमची गोळी ५ टक्के द्रावणापेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. गोळी सर्व शरीरात जाते. त्यामुळे पायांवर सूज, छातीत धडधड, चक्कर आणि अंगभर लव वाढणे संभवते. हृदयविकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने तिच्या वाटेला जाऊ नये.

फिनॅस्टेराइड : एका खेड्यातील निरीक्षण

दुसऱ्या औषधाची कथा कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात सुरू होते. तेथील एका खेड्यात जन्मतः मुलगी समजली गेलेली काही मुले वयात येताना पुरुष होत असत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचे कारण प्रसिद्ध केले. या मुलांत ५-अल्फा रिडक्टेज विकराची जन्मजात उणीव होती. प्रौढपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत असे आणि त्यांना टक्कलही पडत नसे. मर्क कंपनीतील संशोधकांनी यातून सूत्र उचलले : निसर्गाने जे या मुलांत केले, ते मर्यादित प्रमाणात गोळीने करता आले तर?

त्यातून फिनॅस्टेराइड तयार झाले. पाच मिलिग्रॅमची गोळी १९९२ साली वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आणि एक मिलिग्रॅमची गोळी डिसेंबर १९९७ मध्ये पुरुषी टकलासाठी अमेरिकेत संमत झाली. ही गोळी विकराच्या दोन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकाराला अडविते आणि रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. मिनॉक्सिडिल मुळाला खतपाणी घालते असे म्हटले, तर फिनॅस्टेराइड मुळावर होणारा हल्लाच कमी करते.

अठरा ते एकेचाळीस वर्षे वयाच्या १,५५३ पुरुषांवरील मूळ चाचण्यांत दोन वर्षांअखेर केस मोजले गेले. नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के पुरुषांचे केस पूर्वीपेक्षा कमी झाले होते. फिनॅस्टेराइड घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. छायाचित्रांवरून तज्ज्ञांनी केलेल्या परीक्षणात औषध घेणाऱ्या ६६ टक्के पुरुषांत वाढ दिसली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ७ टक्क्यांत. मुद्दल राखणे म्हणजे काय, ते या आकड्यांवरून कळते. गुण टाळूवर अधिक दिसतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी. पहिले चार-सहा महिने काहीच दिसत नाही आणि खरा निवाडा एका वर्षानंतरच करता येतो. गोळी बंद केल्यावर मिळालेला लाभ सुमारे बारा महिन्यांत ओसरतो.

ड्युटॅस्टेराइड : अधिक प्रबळ, अधिक काळ रेंगाळणारे

ड्युटॅस्टेराइड हे त्याच कुळातील धाकटे भावंड. विकराच्या दोन्ही प्रकारांना ते अडविते आणि रक्तातील डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक कमी करते. अमेरिकेत २००१ साली ते संमत झाले, पण केवळ प्रोस्टेटसाठी. टकलासाठी तेथे त्याला संमती नाही. दक्षिण कोरियाने २००९ साली आणि जपानने २०१५ साली टकलासाठी त्याला मान्यता दिली. ९१७ पुरुषांवर २४ आठवडे चाललेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्धा मिलिग्रॅम ड्युटॅस्टेराइडने एक मिलिग्रॅम फिनॅस्टेराइडपेक्षा केसांची संख्या अधिक वाढविली.

मग तेच का घेऊ नये? उत्तर औषध शरीरात किती काळ राहते, यात आहे. फिनॅस्टेराइडचे रक्तातील प्रमाण सहा-आठ तासांत निम्मे होते. ड्युटॅस्टेराइडला त्यासाठी दीर्घ सेवनानंतर सुमारे पाच आठवडे लागतात. काही त्रास झाला आणि गोळी थांबविली, तरी औषध कित्येक महिने शरीरात रेंगाळत राहते. वीर्याचे प्रमाण व शुक्रजंतूंची संख्या यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ज्याला नजीकच्या काळात अपत्य हवे आहे, त्याने ही बाब डॉक्टरांसमोर उघडपणे मांडली पाहिजे. म्हणून फिनॅस्टेराइडने वर्षभरात पुरेसा गुण आला नाही, तर त्यानंतरचा पर्याय, असेच त्याचे स्थान बहुधा असते.

क्रमवारी आणि तिचा अर्थ

२३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०२२ साली एक तौलनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. केस वाढविण्याच्या सामर्थ्यात ड्युटॅस्टेराइड अर्धा मिलिग्रॅम अग्रस्थानी होते. त्यानंतर फिनॅस्टेराइड पाच मिलिग्रॅम, मिनॉक्सिडिलची पाच मिलिग्रॅमची गोळी, फिनॅस्टेराइड एक मिलिग्रॅम आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल द्रावण असा साधारण क्रम लागला.

ही यादी केवळ परताव्याची आहे, जोखमीची नाही. सर्वाधिक व्याज देणारी ठेव सर्वांत सुरक्षित असतेच असे नाही, हे बँकेच्या ग्राहकाला वेगळे सांगावयास नको. यादीत खाली असलेले द्रावण संप्रेरकांना स्पर्शही करीत नाही. ज्याला संप्रेरकांत ढवळाढवळ नको असेल, त्याच्यासाठी तेच पहिले. शिवाय मिनॉक्सिडिल व फिनॅस्टेराइड यांचे मार्ग भिन्न असल्याने दोन्ही एकत्र घेतल्यास एकट्या औषधापेक्षा अधिक गुण येतो. अनेक त्वचारोगतज्ज्ञ हीच जोडी सुचवितात.

पडद्याआडचे दुष्परिणाम

फिनॅस्टेराइडविषयी सर्वांत अधिक बोलले जाते ते लैंगिक दुष्परिणामांबद्दल. आणि डॉक्टरांच्या खोलीत सर्वांत कमी बोलले जाते तेही त्याविषयीच. मूळ चाचण्यांच्या पहिल्या वर्षी असे दुष्परिणाम औषध घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांत नोंदले गेले. म्हणजे शंभरांतील दोघांना औषधाविनाही ते जाणवले. बहुतेकांत औषध थांबविल्यावर ते नाहीसे झाले. परंतु काही पुरुषांनी औषध सोडल्यानंतरही त्रास कायम राहिल्याचे कळविले. त्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली माहितीपत्रकात तशी नोंद करावयास लावली.

मनाचा वाटाही यात असतो. प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम फिनॅस्टेराइड घेणाऱ्या रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली होती, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांनी ते जाणवल्याचे सांगितले; ज्यांना कल्पना दिली नव्हती, त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्क्यांनी. यावरून प्रत्येक तक्रार मनाचा खेळ ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. भीतीने त्रास वाढतो हे जितके खरे, तितकेच काहींना खरोखर त्रास होतो हेही खरे.

याहून गंभीर बाब मनःस्थितीची आहे. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने मे २०२५ मध्ये फिनॅस्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून आत्महत्येच्या विचारांची निश्चिती केली. अशा बहुतेक नोंदी टकलासाठी एक मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांच्या होत्या. ड्युटॅस्टेराइडबाबत असा संबंध सिद्ध झालेला नाही, तरी दोन्हींची कार्यपद्धती सारखी असल्याने त्याच्याही माहितीपत्रकात मनःस्थितीतील संभाव्य बदलांची सूचना देण्याचे ठरले. औषधाचे लाभ जोखमीपेक्षा अधिक आहेत, असेही समितीने त्याच वेळी म्हटले. ब्रिटनमध्ये २०२४ पासून या गोळ्यांच्या पाकिटासोबत रुग्णाला सावधगिरीचे पत्रक दिले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. पूर्वी नैराश्य आलेले असेल, तर गोळी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. गोळी चालू असताना उदासी, अस्वस्थता किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे जाणवली, तर एक मिलिग्रॅमची गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. आणि घरातल्या एका तरी माणसाला, पत्नीला, भावाला किंवा आईला, ही गोळी चालू आहे हे ठाऊक असावे. मुलाच्या स्वभावात पडलेला फरक त्याच्याआधी त्यांना दिसतो. केसांसाठी औषध घेणे हे लाजेपोटी लपविले जाते आणि एकट्याने सोसलेली गोष्ट अधिक जड होते.

गोळीऐवजी फिनॅस्टेराइडचे द्रावण टाळूला लावणे सुरक्षित असते, असा समज वाढत आहे. भारतातही मिनॉक्सिडिल व फिनॅस्टेराइड यांची एकत्रित द्रावणे मिळतात. परंतु टाळूतूनही औषध रक्तात जाते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधनिर्मात्यांकडून खास मिसळून घेतलेल्या अशा द्रावणांविषयी सावधगिरीची सूचना दिली, ती याच कारणाने.

घरच्यांची आणि इतरांची काळजी

फिनॅस्टेराइड व ड्युटॅस्टेराइड यांमुळे गर्भातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण होऊ शकतो. म्हणून गर्भवती स्त्रीने फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला, अथवा गळणाऱ्या कॅप्सूलला स्पर्श करू नये. पैसे वाचविण्यासाठी पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे घरी तुकडे करण्याची पद्धत आहे. घरात गर्भवती असेल, तर ती बचत महागात पडू शकते. मिनॉक्सिडिल लावलेले डोके वाळण्याआधी उशीवर टेकू नये. बापाच्या टाळूच्या संपर्कात आलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगावर लव वाढल्याची उदाहरणे युरोपात नोंदली गेली आहेत. मांजरीला तर हे औषध विषासमान आहे.

बँकेच्या वर्धापनदिनी होणाऱ्या रक्तदान शिबिरात उत्साहाने नाव देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिलेले रक्त एखाद्या गर्भवतीला जाऊ शकते. म्हणून फिनॅस्टेराइड थांबविल्यावर एक महिना आणि ड्युटॅस्टेराइड थांबविल्यावर सहा महिने रक्तदान न करण्याचा संकेत आहे. शिबिरातील डॉक्टरांना औषधाचे नाव आवर्जून सांगावे.

पन्नाशीच्या पुढील पुरुषांसाठी आणखी एक सूचना. ‘पीएसए’ ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करताना ही औषधे चालू असल्याचे सांगावेच. दोन्ही औषधांनी पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर धोक्याचा आकडाही निर्धोक वाटू शकतो.

खर्चाचे गणित आणि जाहिरातींची भुरळ

ही औषधे म्हणजे आवर्ती ठेवीच्या हप्त्यासारखी, फक्त मुदतपूर्तीची तारीख नसलेली. मिनॉक्सिडिलचे द्रावण दिवसाला दोन मिलिलिटर लागते, म्हणजे ६० मिलिलिटरची बाटली महिन्याला एक. उदाहरणादाखल औषधांचा एकूण मासिक खर्च ५०० रुपये धरला, तर सत्ताविसाव्या वर्षी सुरू करून सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत २४० महिन्यांत १,२०,००० रुपये होतात. त्यात डॉक्टरांचे शुल्क व भाववाढ धरलेली नाही. द्रावण मध्येच सोडले, तर तीन-चार महिन्यांत केस पूर्ववत विरळ होऊ लागतात. म्हणून सुरू करण्यापूर्वीच, हे किती वर्षे परवडेल आणि किती वर्षे नियमाने होईल, याचा अंदाज घ्यावा. केशरोपण करून घेतले तरी मूळचे उरलेले केस राखण्यासाठी औषध बहुधा चालूच ठेवावे लागते, हेही त्या हिशेबात धरावे.

जाहिरातींबाबत भारतीय कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘अनुसूची जे’ मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे आणि नवे केस उगविणेही आहे. तेव्हा ‘टक्कल हमखास नाहीसे’ असे छापणारी बाटली दुकानात दिसली, तर तिच्यातील द्रव्यापेक्षा तिच्यावरील वाक्याचाच आधी संशय घ्यावा. फिनॅस्टेराइडची गोळी तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची आहे. दुकानदाराच्या ओळखीवर किंवा मित्राच्या पाकिटातून ती घेणे शहाणपणाचे नव्हे.

निर्णय कोणाचा?

साऱ्याचा सारांश असा निघतो. केस नुकतेच विरळ होऊ लागले असतील, तेव्हा औषधांचा लाभ सर्वाधिक. टाळू गुळगुळीत झाल्यावर जवळजवळ नाही. संप्रेरकांत हस्तक्षेप नको असेल, तर मिनॉक्सिडिलचे द्रावण घ्यावे. मुळावरील हल्ला रोखावयाचा असेल आणि मनःस्थितीचा पूर्वेतिहास निर्वेध असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली फिनॅस्टेराइड, शक्यतो द्रावणाच्या जोडीने. त्यानेही भागले नाही, तरच ड्युटॅस्टेराइडचा विचार. आरंभी एकाच प्रकाशात, एकाच कोनातून डोक्याची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि बारा महिन्यांनी पुन्हा काढावीत. खातेपुस्तकातील नोंदींप्रमाणे तीच खरे काय ते सांगतात. आरसा रोजच्या मनःस्थितीप्रमाणे बोलतो.

आणि चौथाही एक पर्याय आहे, जो कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तो म्हणजे काहीही न करणे. पुरुषी टक्कल हा आयुष्य कमी करणारा आजार नव्हे. एखाद्याला आपले रूप बदलताना दुःख होत असेल, तर त्या दुःखाची टिंगल न करता त्याला योग्य औषधाचा मार्ग मोकळा असावा. आणि एखाद्याला ते दुःख होतच नसेल, तर केवळ स्थळे पाहणाऱ्यांच्या नजरेसाठी त्याच्या हाती रोजची गोळी देऊ नये. गोळी त्याला गिळावयाची असते, तिचा खर्च आणि तिची जोखीम त्यालाच वाहावयाची असते. म्हणून खात्यावरील सहीप्रमाणे हा निर्णयही त्याच्या एकट्याच्याच हातचा असावा. इतरांनी फार तर साक्षीदार व्हावे.